नगीनाच्या हरभऱ्याचा हिशेब

जळगाव,
शनिवार, १३ मे १९६७

ती. नाना यांस जीवरामचा साष्टांग नमस्कार.

आज नळाला पाणी उशिरा आले. दोन हंडे भरले. दूध तापवले, थोडे उतू गेले. कालच्या आखाजीच्या (पंचांगातली अक्षय्य तृतीया) घागरीवरचे डांगर शेजारची भिकुबाई घेऊन गेली. दुपारी ऊन फार, म्हणून खिडकीला ओले पोते लावून पडलो, पण झोप लागली नाही. चार वाजता चहा केला आणि आता ओट्यावर बसून हे पत्र लिहीत आहे.

तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. वहिनींचा दमा उन्हाळ्यात जरा दबतो असे त्या म्हणत असत, तसा दबला असेल अशी आशा आहे. पांझरा नदीला पाणी नसेलच. आखाजीला तुमच्याकडे पत्त्यांचा डाव रंगला असेल आणि नेहमीप्रमाणे तुम्ही जिंकला असाल. माझी प्रकृती चांगली आहे. वजन थोडे उतरले असे भिकुबाई म्हणते, पण ती वजन डोळ्यांनी करते, त्यामुळे मी ते धरत नाही.

पत्राचे कारण तुम्हाला माहीत आहे. तरी सगळे लेखी असलेले बरे (ही रेल्वेची सवय), म्हणून ठरले काय होते ते आधी लिहितो. तुमची बहीण मार्गशीर्षात गेली, मग फाल्गुनात तुम्ही मला भेटायला आलात आणि चार दिवस राहून रोज संध्याकाळी एकच बोललात, की जीवराम, आता तुला मागेपुढे कोणी नाही, घराला कुलूप लाव आणि धुळ्याला चल. धुळ्याला झोपाळा आहे, माणसे आहेत, वहिनींच्या हातचे गरम जेवण आहे. मी तीन दिवस पाहू, पाहू करत राहिलो. चौथ्या दिवशी तुम्ही चिडून म्हणालात, 'अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण! तू तर सिग्नलपाशी उभ्या मालगाडीसारखा नुसता फुसफुसतोस!' त्याच वेळी समोरून टांगे चालले होते आणि आखाजीच्या संध्याकाळी टांगेवाल्यांची शर्यत असते असा विषय निघाला. मी सहज बोलून गेलो की कोणता टांगा जिंकेल हे हिशेबाने सांगता येईल. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, 'सांग तर मग! तू सांगितलेला टांगा जिंकला, तर धुळ्याचा विषय मी मरेपर्यंत काढणार नाही. हरला, तर आखाजी झाल्या झाल्या बिऱ्हाड धुळ्याला!' मी हो म्हणालो. जन्मात कधी पैज लावली नव्हती. तुमच्या बहिणीने ऐकले असते तर मला ताप आला आहे का ते पाहिले असते.

आता हिशेबाचे सांगतो. भुसावळच्या लोकोशेडमध्ये मी आयुष्यभर एकच काम केले. कोणत्या इंजिनाने किती डबे ओढून किती कोळसा खाल्ला ते काढायचे. (तुम्ही त्याला कोळशाची कारकुनी म्हणत आलात, मी रागावलो नाही.) त्या कामात एक गोष्ट पक्की कळते. इंजिनाने बरोबर घेतलेला कोळसा आणि पाणी एवढीच त्याची पुंजी. नवा ड्रायव्हर स्टेशन सुटताच गाडी पळवतो, पोरे टाळ्या वाजवतात, आणि पुढे चढ लागला की वाफ संपून गाडी उभी. जुना ड्रायव्हर सुरुवातीला लोकांच्या शिव्या खातो, एका चालीने जातो आणि चढ ओलांडून वेळेवर पोचतो. कारण वेग दुप्पट केला की जोर दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. हे पुस्तकातही आहे आणि कोळशाच्या ढिगातही दिसते. घोड्याचे वेगळे काय असणार? कोळशाच्या जागी हरभरा, एवढेच. शर्यत नाक्यापासून दुसऱ्या मैलाच्या दगडापर्यंत आणि परत. जाताना उतार, येताना चढ. म्हणजे जो टांगा जाताना हरभरा उडवील तो येताना उभा राहील, आणि जो एका चालीने जाईल तो आमच्या घराच्या आसपास त्याला गाठील. फक्त कोणाची चाल कशी ते मोजायचे राहिले.

मोजणे सोपे होते. घरासमोर तारेचे खांब आहेत. रेल्वेचे जुने घड्याळ आहे. मी ओट्यावर बसून या खांबापासून त्या खांबापर्यंत प्रत्येक टांग्याला किती वेळ लागतो ते पाहू लागलो आणि आकडे ओट्याच्या फरशीवर खडूने मांडू लागलो. पण आठवड्याभरात विचित्र गोष्ट झाली. सगळ्या टांग्यांचा वेग कमी होऊ लागला. गिरधरचा तुफान म्हणजे गावातला सर्वांत मस्तवाल घोडा, तो आमच्या घरासमोरून बैलगाडीच्या चालीने जाई. गिरधर मला लवून नमस्कार करी. एकदा तर भर दुपारी टांगा थांबवून त्याने कंदील काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, 'पाहून घ्या साहेब, तेल काठोकाठ आहे.' मग उलगडा झाला. टांगे फार पळतात म्हणून नगरपालिकेने एक म्हातारा साहेब घड्याळ देऊन बसवला आहे, अशी टांगेवाल्यांत बातमी होती. माझे आठवड्याचे आकडे वाया गेले. मी फरशी पुसली आणि आत येऊन खिडकीच्या पोत्याआडून मोजू लागलो, आकडे मात्र रात्री ओट्यावरच मांडी. त्यानंतर तुफान असा उधळत जाऊ लागला की खिडकीतून धूळ आत येई. आकडे खरे मिळू लागले. गल्लीतले लोक मात्र मला येता-जाता हळू आवाजात विचारू लागले की भाऊ, जेवण जाते ना?

दुसरा भाग राखेचा. इंजिन कोळसा नीट जाळते की नाही ते राखेवरून कळते. घोड्याची राख कोणती ते तुम्ही ओळखले असेल. मी सकाळी रस्त्यावर उकिडवा बसून काडीने हरभऱ्याची टरफले पाहत होतो, तेव्हा भिकुबाई पाण्याला निघाली होती. (तुमची बहीण गेल्यापासून माझा डबा तीच करते.) ती थांबली, हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, 'काय भाऊ, गवऱ्या थापाना इचार शे का?' मी नाही म्हणालो. ती हंडा उचलून गेली, पण दुपारच्या डब्यात रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त होती आणि वर तुपाची वाटी होती. माणसाची कीव आली की खानदेशात तूप वाढते असा माझा अनुभव आहे.

सगळे आकडे जमल्यावर उत्तर एकच आले. नूर महंमदची नगीना. तुम्ही तिला ओळखता, भुरी, कपाळावर टिकली असलेली. तुमच्या बहिणीला बाजारात आणि शेवटी-शेवटी दवाखान्यात नूर महंमदच नेत असे. नगीना दिसायला काही नाही, पण तिची चाल अशी की जाताना आणि येताना घड्याळात फरक पडत नाही. मी नूर महंमदला हरभरा किती घालतोस ते विचारले. तो म्हणाला, 'बाबूजी, सीधा हिसाब है. मैं खाया तो ये खाई.' एवढ्यावर सूत्र बसेना, म्हणून मी अंदाज धरला. तुफान पुढे राहील, दगडापाशी वळतानाही पुढे असेल, आणि येताना आमच्या घराअलीकडच्या तिसऱ्या खांबापाशी नगीना त्याला ओलांडील. हे मी आखाजीच्या चार दिवस आधी भिकुबाईच्या नवऱ्यासमोर बोललो आहे. ते साक्षीदार आहेत.

एक बारीकशी अडचण होती. नगीना आमच्या फाटकापाशी आली की मंद होई. नूर महंमद लगाम हलवी, मग पुन्हा चाल धरी. रोज संध्याकाळी, न चुकता. आता रेल्वेचा नियम असा आहे, की गाडी सिग्नलपाशी अडकली तर तो वेळ इंजिनाच्या नावावर धरायचा नाही. त्याला डिटेन्शन म्हणतात आणि ते वजा करतात. इंजिन किती चांगले ते चालण्यावर ठरते, थांबण्यावर नाही. मला वाटले फाटकासमोर रस्त्याला खड्डा असेल. मी नियमाप्रमाणे डिटेन्शन वजा केले आणि नगीनाचा वेग आणखी चांगला निघाला.

काल आखाजी. तुमच्या बहिणीच्या नावाची पहिली घागर. भिकुबाई पहाटेच आली. तिने ओटा सारवून काढला आणि माझे दोन महिन्यांचे आकडे शेणाखाली गेले, पण उत्तर तोंडपाठ होते. घागर भरली, वर डांगर ठेवले, सांजोऱ्या, आंब्याचा रस केला. चुलीत तिच्या नावाच्या घासाची आगारी टाकली. भिकुबाईच सवाष्ण म्हणून जेवली. तिने आपल्या मनाने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरीही केली होती, कारण द्वारकेला तीच आवडायची. (मी तिचे नाव बहुतेक प्रथमच लिहीत आहे. ती असताना कागदावर सौ. लिहून भागत असे.) आणि घागरीच्या दिवशी दार लावायचे नाही म्हणून भिकुबाईने फाटक सताड उघडून ठेवले. मार्गशीर्षापासून ते मी लावूनच ठेवत होतो. गल्लीतल्या शेळ्या येऊन द्वारकेच्या मोगऱ्याची पाने खातात. संध्याकाळी उघड्या फाटकात मी खुर्ची टाकली, घड्याळ हातात घेतले आणि बसलो. तेथून नाका दिसतो.

उन्हे उतरल्यावर पाच टांगे सुटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी. डाळमिलवाले, पोरेबाळे, कुल्फीवाला. तुफान पहिल्यापासून पुढे, गिरधर उभा राहून ओरडत होता. नगीना चौथी. लोक नूर महंमदला म्हणत होते की चाचा, निकाहला चाललात की मय्यतीला? मी शांत होतो. परतीला तुफान दिसला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता आणि मान खाली गेली होती. मागून नगीना तशाच चालीने, एकेकाला मागे टाकत. नाना, ज्या खांबाचे नाव मी घेतले होते त्याच खांबापाशी तिने तुफानला ओलांडले. मी खुर्चीवरून उठलो आणि मोठ्याने 'राइट टाइम!' असे ओरडलो. आयुष्यात मी रस्त्यावर कधी ओरडलो नव्हतो. कुल्फीवाल्याच्या हातून कुल्फी पडली.

आणि नगीना थांबली.

मंद झाली नाही, थांबली. उघडे फाटक पाहिले, टांगा तिरका केला, मान आत घातली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवरून घराच्या दाराकडे पाहत उभी राहिली. नूर महंमद लगाम ओढतो आहे, 'चल बेटी, चल मेरी माँ' म्हणतो आहे, लोक ओरडत आहेत. तुफान लडखडत पुढे गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले. शेवटी रतिलालचा लंगडा घोडा, जो शर्यतीत केवळ चालता यावे म्हणून उतरतो, तोही आमच्याकडे बघत निघून गेला. मी घड्याळ धरून उभाच. तेवढ्यात भिकुबाई आतून ताटलीत कळण्याची भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन आली आणि मला बाजूला सारत म्हणाली, 'सरका भाऊ. हाई घोडी जेवाले उनी शे.'

घोडी खरोखरच जेवायला आली होती, ते मग कळले. द्वारका रोज संध्याकाळी घरी जाणाऱ्या नगीनाला फाटकात भाकरी-गूळ घालत असे. कित्येक वर्षे. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असे आणि टांग्याचा आवाज थांबला की मला वाटे नूर महंमद सवारी विचारतो आहे. मी आतूनच ओरडून सांगत असे की कोणी जाणार नाही.

नगीनाने भाकरी खाल्ली, ताटली चाटली, माझा सदरा हुंगला आणि मग वरातीच्या चालीने नाक्याकडे गेली. तोपर्यंत नाक्यावरचे लोक गिरधरला खांद्यावर घेऊन सरबताला गेले होते. नूर महंमद टांगा सोडून परत आला आणि ओट्यावर बसला. मला वाटले रागावला असेल. तो म्हणाला, 'हार गये बाबूजी.' मी म्हणालो, मीपण. 'रोज इधर धीमी होती थी, आपने देखा नहीं?' मी म्हणालो की पाहिले होते, पण वजा केले. त्याला वजा करणे म्हणजे काय ते समजावून सांगितले. तेव्हा तो इतका हसला की डोक्याचा फेटा काढून त्याने डोळे पुसले. मग मलाही हसू आले. भिकुबाई आतून पाहत होती. तिने आम्हा दोघांना तूप वाढले.

तर नाना, माझे म्हणणे असे की हिशेब बरोबर होता. चाल बरोबर, चढ बरोबर, खांबसुद्धा बरोबर. पण गाडीला उशीर झाला की कारण कितीही चांगले लिहिले तरी उशीर तो उशीरच. नगीना जिंकली नाही, म्हणजे मी हरलो. मी शब्द मोडणारा नाही. ट्रंक भरून ठेवली आहे. भांडी, कपडे, घड्याळ, सगळे तीत आहे. किल्ली भिकुबाईकडे देईन, मोगऱ्याला पाणी ती घालील. तुम्ही म्हणाल त्या दिवशी धुळ्याच्या मोटारीत बसतो. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत असतील तर तेल घालून ठेवावे, मला कुरकुरीत झोप लागत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
जीवराम

ता. क. रविवार, सकाळी. काल टपाल निघून गेले होते, म्हणून पत्र घरीच राहिले. दरम्यान एक गोष्ट घडली ती कळवणे भाग आहे. आज सकाळी नगीना स्टेशनकडे चालली होती. टांग्यात कापडवाले माणकचंदशेठ, त्यांना भुसावळची पॅसेंजर गाठायची होती. नगीना फाटकापाशी आली आणि उभी राहिली. पूर्वी फक्त संध्याकाळी थांबे, आता सकाळीही. नूर महंमद म्हणाला, 'बाबूजी, अब ये आप के बिना आगे नहीं जाती.' शेठ टांग्यातून ओरडले, 'अहो, घोडीला काहीतरी घाला! माझी गाडी जाईल!' घरात काही नव्हते. मी ट्रंक उघडून तवा काढला, घाईने ज्वारीची एक भाकरी थापली. ती एका बाजूने जाड आणि एका बाजूने काळी झाली. नगीनाने हुंगली आणि तोंड फिरवले. शेवटी शेठनी आपला डबा उघडून स्वतःच्या पुऱ्या तिला घातल्या, तेव्हा ती हलली. गाडी मिळाली की नाही ते कळले नाही. गाडी शिट्टी देताना ऐकली, टांगा तेव्हा वळणावर होता.

म्हणून वहिनींना एक विचारून कळवावे. कळण्यात ज्वारीला काळे उडीद किती घालायचे, मीठ दळतानाच घालायचे की मळताना, आणि भाकरी कडेला फाटू नये म्हणून काय करायचे? द्वारका हे तुमच्याच घरी वहिनींकडून शिकली होती असे भिकुबाई सांगते. शक्य असल्यास धुळ्याहून येणाऱ्या कोणाबरोबर पायलीभर कळण्याचे दळणही पाठवावे, म्हणजे चव जुळली की नाही ते नगीनाला विचारता येईल. खरे म्हणजे पत्र याचसाठी पाठवत आहे.

पैजेविषयी गैरसमज नसावा. मी हरलो हे वर लिहिलेच आहे आणि ते मागे घेत नाही. मी धुळ्याला निघालोच आहे, फक्त फाटकापाशी थोडा अडकलो आहे. हे डिटेन्शन समजावे. रेल्वेच्या नियमाने ते वजा केलेत, तर मी तुमच्याकडे कालच पोचलो.

आणखी एक ता. क. सोमवार. टपालपेटी रस्त्यापलीकडे आहे, संध्याकाळी टाकीन. ट्रंक पूर्ण रिकामी करावी लागली, कारण परात तळाशी होती. तुमचे उत्तर येईपर्यंत अंदाजाने चालवतो. पिठात दोन मुठी उडदाचे पीठ मिसळले आहे. पाणी किती ते अजून कळत नाही. या कागदाच्या कोपऱ्यावर ओल्या पिठाची बोटे उमटली आहेत, त्याची माफी असावी. फाटक उघडून आलो. तवा तापला आहे. पहिली भाकरी टाकतो.